फुगे बंद होत नाहीत

पडद्यावर फुगे उडत होते. लाल, पिवळे, जांभळे. त्यांच्यामागे लिहिलं होतं : ‘स्टोअरचे आबा यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन. अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता, धरणगाव.’ खाली बटण : ‘अभिनंदन करा’.

“हे बंद करा,” शेठ म्हणाले.

“सर, बेसिक पॅकमध्ये फुगे बंद होत नाहीत,” पुण्याहून आलेला सेल्समन म्हणाला. “प्रीमियममध्ये होतात.”

आमची पाइपची कंपनी. कारखाना जळगावात, डेपो धुळ्यात. मी आयटी बघतो. इंट्रानेट म्हणजे कंपनीपुरतं इंटरनेट. सकाळी कॉम्प्युटर लावला की त्याचं जे पान पहिलं उघडतं, ते स्टार्ट पेज. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं होतं. शेठना त्यावर स्वतःचा फोटो, सुविचार आणि हवामान हवं होतं. मे महिन्यात जळगावचं हवामान कळायला सॉफ्टवेअर कशाला लागतं, हे मी विचारलं नाही.

मला वेगळंच हवं होतं. आमच्या गेटवर काळा फळा आहे. कोणाकडे मयत झाली की टाइमकीपर नाना त्यावर खडूने लिहितात. शिफ्टला येणारा प्रत्येक जण आधी तो फळा वाचतो, मग पंचिंग करतो. पण फळा धुळ्याहून दिसत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे बातमी गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडली जाते.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. नानांनी फळ्यावर लिहिलं. धुळ्याच्या डेपोत मी आधी बरीच वर्षं होतो. तिथली माणसं तिच्या हातचं जेवलेली. त्यांना कळलं ते गंधमुक्ती होऊन, सुतक फिटल्यावर. मग एका रविवारी सगळे दारावर आले. इतके ओशाळले होते, की मीच त्यांची समजूत घालत बसलो. पुन्हा कोणाच्या घरी असं होऊ नये, एवढीच माझी मागणी होती. ती कोटेशनच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

म्हणून डेमोला मी नानांना बोलावलं. त्यांना नोटीस टाकता आली, तर ते सॉफ्टवेअर चालेल.

“काका, काहीही टाइप करा,” सेल्समन म्हणाला.

नानांनी सकाळीच फळ्यावर लिहिलेलं टाइप केलं. त्यावर हे फुगे.

“हाई काय शे भो?” नाना खेकसले. “आबानी माय गयी, अन् तुम्ही फुगा उडाडतस?”

“स्टाफला छान वाटतं, काका.”

धुळ्याचा डेपो व्हिडिओवर डेमो बघत होता. त्यांचं मत विचारायला शेठ तिकडे वळले. तिथे रिकाम्या खुर्च्या होत्या. वर पंखा फिरत होता.

“कुठे गेले सगळे?”

“धरणगावले,” नाना म्हणाले आणि स्वतःही उठले.

मीही गेलो. तिरडी उचलायच्या आधी डेपोची गाडी पोचली होती. आबांनी एकेकाकडे बघितलं.

“तुम्हाले कोणी सांगं?”

डेपोचा ड्रायव्हर जरा घुटमळला. “शेठनी फुगे उडवले, आबा.”

आबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. रडत होते की हसत होते, मला कळलं नाही.

शेवटी आम्ही सगळ्यांत कुरूप आणि फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. पांढरं पान, काळी अक्षरं, धुळ्याच्या रडक्या नेटवरही लगेच उघडतं. सगळ्यांत वर नानांची नोटीस असते. शेठचा फोटो त्याखाली आहे. तो दिसायला पान खाली सरकवावं लागतं. कोणी सरकवत नाही.

तेव्हापासून कुठलाही डेमो असला, की मी नमुन्याची बातमी टाकू देत नाही. खरीच टाकायला लावतो.