ओर्शोव्हाच्या बार्बराबाई

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बार्बराबाई जर्मनीत इंगोलश्टाटला आल्या, त्याला आता वीसहून अधिक वर्षं झाली होती. तरी गल्लीतल्या बायका त्यांना अजून 'ती रुमेनियावाली' म्हणत. आणि रुमेनियात असताना, घरची भाषा जर्मन म्हणून, शेजारीपाजारी त्यांना जर्मन म्हणायचे! बाईंचं खरं गाव ओर्शोव्हा. डॅन्यूबच्या काठावर, अगदी सरहद्दीला टेकलेलं. पलीकडच्या देशातला कोंबडा आरवला की इकडच्या बायका चूल पेटवायच्या.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिकडेच राहिलेल्या मामेबहिणीनं पत्रानं कळवलं, खाली धरण होतंय, गाव पाण्याखाली जाणार. ज्या मृतांचं कुणी नातेवाईक येईल त्यांचे अवशेष वरच्या नव्या दफनभूमीत हलवता येतील. बाकीचे राहतील तिथेच. बाईंची आई तिथेच पुरलेली होती.

मुलगा योझेफ मोटारीच्या कारखान्यात. दारात स्वतःची नवी गाडी. बाईंनी जेवताना विषय काढला.

"सुट्टीत आम्ही समुद्रावर जातोय, आई," तो म्हणाला. "मेलेल्या माणसासाठी बेत मोडू?"

बाईंच्या हातातली पळी थांबली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा पुण्याचा इंजिनिअर भास्कर आणि त्याची बायको लतिका त्या दिवशी जेवायला होते. भास्करला वाटलं, आपण समजूत घालावी.

"फ्राऊ लेनर," तो बाईंना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे अस्थी नदीतच सोडतात. तुमच्या आईकडे तर नदी आपणहून येतेय. भाग्यच की!"

"अहो!" लतिकानं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. उशीर झाला होता.

"तुम्ही आपल्या हातांनी सोडता ना? रडून, प्रार्थना करून?" बाई कडाडल्या. "माझ्या आईला कुणी विचारलं? तिच्या क्रूसावर नाव आहे. ते काय मासे वाचणार?"

भास्कर मान खाली घालून सूप पीत राहिला. योझेफ मात्र शिट्टी वाजवत गाडी पुसायला गेला. सासूबाईंचं हे आता रोजचंच, असं सून ताटल्या उचलताना पुटपुटली.

बाईंनी पुन्हा कुणाची मदत मागितली नाही. व्हिसासाठी एकट्याच खेपा घालत राहिल्या. निघायच्या दिवशी त्यांनी काळा झगा घातला, पेटीत धुतलेली पांढरी चादर ठेवली आणि बागेतलं फावडं पोत्यात गुंडाळलं. लतिकानं वाटेसाठी गूळपोळ्या बांधून दिल्या. त्या मात्र बाईंनी घेतल्या.

योझेफ दारात आडवा आला. "फावडं घेऊन आगगाडीत? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला मुलगा नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच्या गाडीला वळसा घालून स्टेशनकडे चालू लागल्या.