जिमच्या भिंतीवरचा माझा भाऊ

माझ्या धाकट्या भावाचा फोटो बोईसरच्या एका जिममध्ये लावला होता. आरशाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा. उघडं अंग, आवळलेले दंड, आणि खाली सोनेरी अक्षरांत ओळ : 'एकही दिवस न चुकवलेला वाघ'. तो गेला त्याचं तेरावंही झालं नव्हतं तेव्हा तो फोटो वर चढला. मला तो तिथून उतरवायचा होता. आईला तो तिथेच हवा होता. आम्ही दोघीच उरलो होतो आणि त्या फोटोवरून एकमेकींशी धड बोलत नव्हतो.

त्याला ताप होता. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवडाभर पडून राहा, पायऱ्यासुद्धा चढू नकोस. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकल काढून बोईसरला गेला आणि वजनं उचलता उचलता खाली बसला. बसला तो उठलाच नाही. ताप हृदयाच्या स्नायूंपर्यंत गेला होता, असं नंतर समजावून सांगण्यात आलं. 'न चुकवलेला' म्हणजे हे. ज्या दिवशी चुकवायला हवं होतं तोही दिवस त्याने चुकवला नाही, म्हणून तो वाघ.

आमच्या मुरबे गावात कुणी गेलं की त्या दिवशी होड्या समुद्रात जात नाहीत. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. त्या दिवशीही किनाऱ्यावर सगळ्या होड्या ओळीने उभ्या होत्या. वारा चांगला होता, मासळी लागली असती, तरी एक होडी हलली नाही. आणि जिम? जिम संध्याकाळी वेळेवर उघडली. मोठ्याने गाणी लावून त्याच्या नावाने जादा व्यायाम झाला. त्याचा व्हिडिओ मला कुणीतरी कौतुकाने पाठवला. जिममालक दहाव्याला घरी आले तेव्हा मी विचारलं, "एक दिवस बंद ठेवता आली नाही?"

"ताई, तो असता तर त्यानेच बंद ठेवू दिली नसती," ते म्हणाले. खरंच तर होतं. मला त्याचाच राग आला.

तो तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर होता. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चारदा जिमला जायचा, हसतखेळत. मग कधीतरी ते उलटं झालं, जिमच त्याला ओढू लागली. रात्रपाळी करून आला की न झोपता निघायचा. पावसाने रस्ता बंद झाला तर ओट्यावर जोर काढत राहायचा, पिंजऱ्यात अडकल्यासारखा, आणि कुणी जेवायला हाक मारली तर अंगावर यायचा. चुलत बहिणीच्या हळदीत एक लाडू खाल्ला आणि मांडवातून निघून गेला. परत आला तो घामाने निथळत. "खाल्लं ते काढून टाकलं," म्हणाला. खांद्याला पट्टी, गुडघ्याला पट्टी. शरीर दुखलं की त्याला बरं वाटायचं आणि दुखायचं थांबलं की भीती वाटायची. मी पालघरच्या वाचनालयात काम करते, शब्दांची मला सवय आहे. मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, हे व्यसन आहे.

आई केवढ्यांदा हसली होती! "व्यसन? बाय, तुला व्यसन म्हायती हाय का? तुझ्या काकाला बघ जा. माझा पोरगा एक थेंब घेत नाय."

आमच्याकडे चूक झाली ती इथे. जिथे घराघरातून बाटलीने एकेक पुरुष नेला, तिथे व्यसन म्हणजे बाटली. तिचा वास येत नाही ना, मग पोरगा देवमाणूस. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायची तेव्हा शेजारच्या बाया तिला ऐकवायच्या, "तुझं नशीब बये, आमचे बघ कसे पडलेले असतात." मामा त्याचे दंड दाबून बघायचे. मुलगी सांगून आली तीही त्या दंडांवर. पट्ट्या सगळ्यांना दिसत होत्या. त्याला झोप नव्हती हे दिसत होतं. पण तो पीत नव्हता, आणि त्यापुढे कुणाला काही विचारायचं नव्हतं. त्या सगळ्या कौतुकाची मला आजही चीड येते. त्याला ढकलणारे हात सगळे प्रेमाचे होते, म्हणून तर कुणाला जाब विचारता येत नाही.

आईला तो फोटो आवडायचा याचं कारण साधं होतं. त्याचा तेवढा मोठा दुसरा फोटो नव्हता. "तिथं पोरं त्याला नमस्कार करतात," ती म्हणायची. "घरी आनून काय करू? मी एकटी बघत बसू?"

एकदा बोंबील वाळत घालताना ती पुन्हा त्या फोटोबद्दलच म्हणाली, तोंडावर किती तेज हाय त्याच्या. मग मात्र मला राहवलं नाही. मी सांगितलं की ते तेज नव्हतं. फोटोत शिरा उठून दिसाव्यात म्हणून त्याने आदल्या दिवसापासून पाणी सोडलं होतं. जिममधले सगळे तसंच करतात. ओठ फुटले होते त्याचे.

आईचे हात थांबले. "त्या दिवशी मी तांब्या घेऊन त्याच्या मागं फिरलेली," ती म्हणाली. "नको म्हनला. उद्या पितो म्हनला." हातातला बोंबील तिने परातीत टाकला. मग म्हणाली, "जा. घेऊन ये त्याला."

मी त्याच संध्याकाळी गेले. मालक म्हणाले, "ताई, बसा ना, चहा मागवतो." मला चहा नको, फोटो हवा होता, तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "पोरांना मोटिव्हेशन मिळतं त्याच्याकडे बघून."

"तेच मिळायला नकोय," मी म्हटलं.

कारखान्यातलाच एक कामगार, भावाच्याच वयाचा, मध्ये आला. "दीदी, भाई को मत ले जाओ. हम लोग शुरू करने से पहले इसी को हाथ लगाते हैं." त्याच्या मनगटाला पट्टी होती, जाड, मळलेली. मी विचारलं, हे काय? "कुछ नहीं, खिंच गया है. पर छुट्टी कैसे करूँ?" त्याने फोटोकडे बोट केलं. "ये देख रहा है ना."

मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तिथे चढवला. त्या गाण्यांच्या वर ओरडले की तो काही बघत नाहीये, तो मेलाय, तापात इथे आला म्हणून मेलाय, आणि तुम्ही त्याला हात लावून तेच करताय. कुणीतरी गाणं बंद केलं. आरशात मी दिसत होते, चष्मा घसरलेली, वेडीच. मालक म्हणाले, "शांत व्हा ताई, घेऊन जा." मी बाकावर चढले. मनगटाला पट्टी असलेल्यानेच खालून फ्रेम धरली. मी बाहेर पडेपर्यंत गाणं पुन्हा सुरू झालं होतं.

घरी आईने ती सोनेरी ओळ विळ्याच्या टोकाने खरवडून काढली. मग फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ठेवलं.

"पी आता," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. ती त्याच्यावर पहिल्यांदाच चिडली होती.