मटण खायचं तर चाकणच्या पुढं

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ खाण्यातले जाणकार. कुणी हॉटेलाचं नाव काढलं की ते डोळे मिटतात, हळहळतात आणि म्हणतात, "पूर्वीची चव न्हाई राहिली, राव. मटण खायचं तर चाकणच्या पुढं जा."

आम्ही मुकाट जातो, नुसता तिखटजाळ रस्सा पितो आणि पोट धरून परत येतो.

परवा काळेवाडीतल्या एका कळकट खानावळीत ते एकटेच मटणाच्या ताटावर वाकलेले दिसले. मला बघून दचकले. मग ताटातली नळी माझ्या हातात देत म्हणाले, "बस, खा. पण बसमध्ये बोलू नको."

असलं मटण मी जन्मात खाल्लं नव्हतं.

सोमवारी बसमध्ये कुणीतरी विचारलं, "काळेवाडीत काही चांगलं मिळतं का हो?"

त्यांच्याआधी मीच डोळे मिटले आणि हळहळलो.