छाट काढणारा दत्ता

निपाणीत आमच्या दोघांच्या आया एकाच कारखान्यात बिड्या वळायच्या. तपासणारा वाकडी बिडी 'छाट' म्हणून बाजूला फेकायचा, तेवढे कष्ट फुकट. छाट जास्त निघाली की दोन्ही घरांतली आमटी पातळ. अशा घरांतून मी आणि दत्ता बेळगावात इंजिनिअर झालो, घराण्यातले पहिले पदवीधर. वर्गात पहिला मी. दत्ताचं गणित एकदा राहिलं होतं, हे मी सगळ्यांना सांगायचो... त्याला जाऊन दोन महिने झाले, तरी सांगतोय.

मी वीज खात्यात, उपकेंद्रावर लागलो. दत्ता बेंगळुरूला पवनचक्क्यांची मॉडेलं करू लागला. वारा, जनित्र, ग्रिड सगळं गणितात मांडायचं आणि लाइनवर बिघाड होऊन व्होल्टेज क्षणभर बसलं, तर चक्की ग्रिडला धरून राहते की सुटते, ते कॉम्प्युटरवर आधीच बघायचं. गावी आला की लोक त्याला घेरून ऐकायचे. मी बाजूला बसून चहा प्यायचो. गणितात नापास झालेला गणित सांगतोय!

आमच्या माळावरच्या चक्क्या बिघाडात सुटायच्या. मॉडेल पडताळायला त्याला तशा एका बिघाडाची आमच्याकडची नोंद हवी होती. ती द्यायला वरून मंजुरी आली, फाइल माझ्या टेबलावर आली आणि मी ती दाबून ठेवली.

"घावली काय रं?" तो फोनवर विचारायचा.

"शोधायलोय."

"शोध की निवांत. वर्गात पहिला आलतास, तुला न्हाय तर कुणाला घावणार?"

वर्मी लागलं. पाठवली. मनात एकच, जुळू नये. आणि जुळलं नाहीच! मॉडेलातली चक्की तग धरायची, खरी सुटलेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दत्ता मात्र हसला. "छाट निघाली गड्या. परत वळतो." दुसऱ्यानं आकडे वाकवून जुळवले असते.

पुढं दत्ताला दुखणं लागलं आणि ते बळावलं. दवाखान्यात भेटायला गेलो, तर तब्येतीचं सोडून त्यानं लॅपटॉप पुढं केला. खऱ्या नोंदीच्या रेषेवर त्याची रेष अगदी बसली होती.

"आता काढ बघू छाट!"

"लई शाणा हाईस," एवढंच म्हणालो. 'छान केलंस' म्हणायला जीभ उचलली नाही... तीच शेवटची भेट.

तो गेल्यावर आठवड्यानं मॉडेल मंजूर झालं, त्यावरून चक्क्यांच्या सेटिंग बदलल्या. परवा लाइनवर पुन्हा बिघाड झाला, व्होल्टेज बसलं. नोंद मी त्याच दिवशी त्याच्या कंपनीला पाठवली. एकही चक्की सुटली नव्हती.