नंदाचा जवळून फोटो

माझ्याकडे माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या हाताचा एक उत्कृष्ट फोटो आहे. दोन डोळ्यांनी पाहायच्या डबीत तो घातला, की हात हळदीसकट अंगावर येतो! मला फोटो हवा होता तो मात्र मुलीचा, नंदाचा.

नंदाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. नंदाचं लग्न ठरलं, जावई कलकत्त्याला नोकरीत, आणि मला धडकी भरली. यापुढे घरात बोलायचं कोणाशी? म्हणून मी जुना दोन भिंगांचा कॅमेरा काढला. त्यात एकेका डोळ्यासाठी एकेक फोटो निघतो आणि डबीत पाहिलं की माणूस खरंच समोर बसलेलं दिसतं. ठरवलं, नंदाचा चेहरा अगदी जवळून टिपायचा आणि रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचं.

पण कॅमेऱ्याला जवळचं दिसत नव्हतं (वयाचा दोष, मालकालाही होता). फार जवळ गेलं, की एका भिंगात नंदाचा डावा कान, दुसऱ्यात उजवा! दोन महिने मी तो खोलून बसलो होतो. सीताबर्डीच्या चष्मेवाल्याकडून दोन भिंगं आतल्या बाजूला तिरकी घासून आणली, पावडरच्या डब्यांच्या झाकणांत बसवली. आता दीड फुटावरचं लख्ख दिसे, पण चार बोटं इकडेतिकडे झाली की सगळं धूसर. म्हणून दीड फुटाचा दोरा कॅमेऱ्याला बांधला. त्याचं टोक नंदाच्या नाकाला टेकवून अंतर धरायचं. ती सरावाला बसायची, काहीबाही सांगायला लागायची आणि मी म्हणायचो, "बोलू नको, नाक हलून राहिलं."

हळदीच्या सकाळी दोरा गायब! बहिणीने तो कापून, हळदीत बुडवून, हळकुंड ओवून नंदाच्या मनगटावर बांधला होता. हे कंकण लग्न लागेपर्यंत सोडत नाहीत. मी कुरकुरलो.

"लगनघरी दोऱ्यावर नाव लिवून ठेवतेत काय गा?" बहीण म्हणाली.

मग अंदाजाने पुढे सरकलो. नंदा नाक जराही न हलवता बसली. मी बटण दाबलं आणि बहिणीचा हात हळद लावायला मध्ये आला. दुसरा फोटो घेऊ म्हणेपर्यंत बायकांनी मला दाराबाहेर काढलं.

फिल्म मुंबईहून धुऊन आली, तेव्हा नंदा कलकत्त्याला पोचली होती. हात अप्रतिम आला होता, बांगडीचा टवकासुद्धा दिसत होता. मागे एक पिवळा डाग होता. तरी मी रोज संध्याकाळी तो डाग पाहत बसायचो, कारण ती नंदा होती. फार एकटं वाटायचं.

दिवाळीला ती आली. डबीत पाहून आधी खूप हसली, मग डबी बाजूला ठेवून म्हणाली,

"बाबा, दोन महिने मी तुमच्यासमोरच तर बसून होती. तेव्हाच मले पाहून घ्यायचं ना."

खरंच, हे मला सुचलंच नव्हतं. मला सुचलं होतं ते भिंगं तिरकी घासणं.