आबांची राखण

आबांना पडू द्यायचं नाही, एवढंच काम माझ्याकडं होतं. (कारेगावच्या कारखान्यात मी कामगारांना सेफ्टीचं ट्रेनिंग देतो. त्यामुळं माझ्या लायकीवर घरात कुणी शंका घेतली नाही.)

माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आता पडले तर पुन्हा उभं राहणं अवघड, असं शिरूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी बजावलं होतं. संडासला जाताना सोबत आत कुणीतरी हवंच. आबांनी साफ नकार दिला. पंधरा वर्षं सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस, पोटच्या पोरासमोरही बसणार नाही म्हणाले. शेवटी सिस्टरांनीच तोड काढली. कडी लावायची नाही, मी दाराकडं पाठ करून बाहेर थांबायचं आणि आबांनी आतून खाकरत राहायचं. खाकरणं थांबलं, की मी आत.

दवाखान्यातले पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा आत, मी दारात, खाकरणं चालू. तेवढ्यात माझी बायको वडगाव रासाईहून डबा घेऊन आली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "आबा कुठं गेलं वो?"

आत एकदम शांत झालं.

"आबा?" फरशीवर पडलेले आबा डोळ्यांपुढं दिसायला लागले.

"आबा, खाकरा की!"

मी दार ढकलून आत धावलो. (ओल्या फरशीवर धावू नये, हा माझ्या ट्रेनिंगमधला पहिला मुद्दा.) पाय सरकला आणि मी बादलीसकट आबांच्या पुढ्यात आडवा झालो. आबा भिंतीचा दांडा धरून कमोडवर ठणठणीत बसलेले! आपण कुठं आहोत हे सूनबाईला कळू नये, म्हणून त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

त्यांनी लुंगी सावरली, शांतपणे भिंतीवरची बेल दाबली आणि धावत आलेल्या सिस्टरांना म्हणाले, "मी बरा हाय. ह्याला उचला. आन् सूनबाईला म्हणावं, तोंड तिकडं कर."

सुट्टी मिळाली त्या दिवशी वॉर्डबॉयनं आबांसाठी चाकाची खुर्ची आणली. आबांनी वॉकर पुढं ओढला, माझ्या पट्टी बांधलेल्या घोट्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला बसवा."

मी बसलो. नको म्हणायला लागते तेवढी इज्जत माझ्याकडं उरली नव्हती.