जरा आदिवासी वाटू द्या

"ही आदिवासी वाटत नाहीये."

मालिकेच्या क्रिएटिव्ह मॅडम असं म्हणाल्या आणि माझ्या मावशीच्या हनुवटीला दोन बोटं लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. बाजारात बैल बघतात तसं. मग बोटं जीन्सला पुसली.

बोटं पुसली! मी बघितलं ते. आणि तरी गप्प उभी राहिले, हातात वॉकीटॉकी आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर मालिकेचं शूटिंग चालू होतं. मी तिथं प्रॉडक्शन असिस्टंट. नाव भारी वाटतं. काम म्हणजे सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं आणि मधल्या वेळात जो ओरडेल त्याच्याकडे पळायचं. हिरॉइनला कोमट पाणी, डायरेक्टरला बिनसाखरेचा चहा, जनरेटरवाल्याला फोन. मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. माझ्या तालुक्याच्या नावानं "ए सुरगाणा" म्हणायचे. मीही ‘ओ’ द्यायचे, वर हसायचे. आठ महिने हसले. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

पण मला टिकायचं होतं. प्रॉडक्शनच्या सरांनी शब्द दिला होता, की जंगलातले एपिसोड नीट पार पडले की तुला दिग्दर्शनाच्या टीममध्ये घेतो, टायटलमध्ये नाव येईल. आमच्या पाड्यावरच्या कुणाचंही नाव आजवर टीव्हीवर आलेलं नाही. त्या एका ओळीसाठी मी काय काय गिळलं, ते माझं मला माहीत.

मालिकेची गोष्ट अशी. शहरातली डॉक्टरीण जंगलात जाते आणि अडाणी आदिवासींना शहाणं करते. त्यासाठी तीस माणसं हवी होती. सर म्हणाले, "ए सुरगाणा, तुझ्याकडची मिळतील ना? एकदम ओरिजिनल?" मी फुशारकीनं हो म्हटलं. मावशीला फोन लावला. टीव्हीत दिसणार आहात, सगळ्यांना घेऊन ये.

चूक इथं झाली. काय घालून या, ते मी सांगितलंच नाही. आणि टीव्हीत जायचं म्हटल्यावर आमच्याकडचं माणूस फाटक्यात येईल का?

दोन जीपा भरून आली. बायका लग्नाकार्यातल्या साड्या नेसलेल्या. तेल लावून चापूनचोपून वेण्या, तोंडाला पावडर. म्हाताऱ्यांचे पांढरेशुभ्र सदरे. एका काकांनी तर बंद पडलेलं घड्याळ बांधलेलं. मावशीनं लेकाच्या लग्नातली हिरवी साडी नेसून खांद्यावर आमच्या बायका पदरासारखी घेतात ती फडकी, तीही नवीकोरी घेतली होती. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जाऊन मला नाशकात शिकवलं. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं माझं ओळखपत्र हातात घेतलं. वाचता येत नाही तिला. फोटोवरून बोट फिरवत राहिली.

मॅडम आल्या. "अगं, हे काय लग्नाचं वऱ्हाड आणलंस?" सगळं युनिट हसलं. मीही जरा हसले.

मग ड्रेसवाल्यानं पेटी उघडली. आत चिंध्या. मुद्दाम फाडलेल्या, मुद्दाम मळवलेल्या. आधी कुणाकुणाच्या अंगावर चढलेल्या, त्यांचा घाम तसाच. शी! आणि त्या मी माझ्या हातानं वाटल्या. "थोडाच वेळ गं काकू, थोडाच वेळ." ताडपत्रीच्या आडोशाला बायकांनी आपल्या साड्या घडी घालून ठेवल्या आणि ते अंगावर चढवलं. माझ्यावर विश्वास होता ना.

एवढ्यानंही भागलं नाही. तेव्हाच मॅडमनी मावशीची हनुवटी धरली.

"रंग उजळ आहे यांचा. डार्क करा सगळ्यांना. जरा आदिवासी वाटू द्या ना, यार."

मेकअपदादानं डबी उघडली. आत काळपट तपकिरी चिकट काहीतरी. मावशी मागं सरली. तशा मॅडम माझ्याकडे वळल्या. "तूच लाव. तुझं ऐकतील. तुमच्या भाषेत सांग काहीतरी."

मी स्पंज घेतला. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिणार. मीच घेतला. मावशीनं डोळे मिटून तोंड पुढं केलं. मी तिच्या गालाला फासलं. कपाळाला फासलं. ती शहारली. डोळे न उघडता तिनं विचारलं, "मी काय चोरी केली का गं? तोंड काळां कशाला करतांस?"

चिडून नाही. खरोखर विचारत होती.

मॅडमची किळस आली, त्या डबीची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या हाताची आली. समोर उभी असलेली जिवंत बाई यांना खोटी वाटत होती. यांचा आदिवासी डबीतून निघतो!

स्पंज फेकला. ओढणीनं मावशीचं तोंड पुसायला लागले, तर तो रंग निघेना, नुसता पसरला. मी ओरडले, "सगळ्यांनी आपापले कपडे घाला. गाडीत बसा."

सर धावत आले. "ड्रामा बंद कर. युनिट खोळंबलंय."

"त्यांना त्यांच्या कपड्यांत उभं करा सर. नाहीतर मी घेऊन जाते."

"मग प्रेक्षकांना कळणार कसं, आदिवासी आहेत म्हणून?"

"नाही कळलं तर काय बिघडलं?"

सर म्हणाले, "या लाईनमध्ये पुन्हा दिसायचं नाहीस तू."

ओळखपत्र त्यांच्या टेबलावर टाकलं आणि जीपमध्ये चढले.

कुणी माझी पाठ थोपटली नाही. मागून एक काकू पुटपुटली, "जेवून तरी निघालो असतो." तिचंही खरंच होतं. वाटेतलं ननाशी गाव येईपर्यंत मावशी बाहेर बघत होती. तिच्या कानामागं अजून रंग होता. मग म्हणाली, "त्या बाईनं लावलां असतां तर मी सोसलां असतां. तू लावलांस."

ते एपिसोड लागले. नाशकातलीच दुसरी माणसं रंगवून उभी केली होती, हातात भाले देऊन. दहा मिनिटं बघितलं आणि बंद केलं.

परवा कॉलेज रोडला दुसऱ्या एका ऑफिसात गेले. वेबसिरीज करताहेत. समोरच्यानं माझा पत्ता वाचला आणि डोळे चमकले त्याचे. "अरे वा, मग तुमच्याकडची माणसं मिळतील की!"

"मिळतील. आधी स्क्रिप्ट वाचायला द्या."

"तू असिस्टंटच्या जागेसाठी आलीयेस ना?"

"हो. आमची माणसं त्यात काय बोलतात, कशी दिसतात, ते वाचल्याशिवाय एकही माणूस आणणार नाही. रंग लावायचा नाही, हे कागदावर लिहून द्या."

कळवतो म्हणाला. कळवलं नाही.

सोमवारी आणखी एकीकडे बोलावलंय. तिथंही आधी स्क्रिप्टच मागणार. नाही दिली तर उठून येणार आणि पुढच्या ऑफिसची पायरी चढणार. ही लाईन मी सोडत नाही. ज्यांना मी नको आहे, त्यांनी मला रोज दारातून हाकलावं.